मैल कुणाचे?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा लसीकरणाच्या नव्या वेळापत्रकाची किंवा मुलांच्या मोबाइलवेडाची असावी. बालरोगतज्ज्ञाने त्यावरच लिहावे असा एक संकेत आहे आणि तो मी याआधी पाळलेलाही आहे. आज मात्र मला विमानातील एका आसनाविषयी लिहावयाचे आहे. विषय वरकरणी चैनीचा वाटेल. परंतु त्या आसनाने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला, तो आपल्या व्यवसायाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो असे माझे मत आहे. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती.

आमच्या लहानपणी ‘पहिला वर्ग’ म्हणजे रेल्वेचा. मे महिन्यात आजोळी पुण्याला जायचे तर इंदूरहून मीटरगेजच्या गाडीने खांडव्यापर्यंत जावे लागे. वाटेत पातालपानीचा घाट, कालाकुंडचा कलाकंद आणि खांडव्याला सामान उतरवून मोठ्या गाडीची वाट पाहणे. वडील येथील एका कापड गिरणीत कारकून होते. आमचा डबा कायम दुसऱ्या वर्गाचा. फलाटावर गाडी शिरली की पहिल्या वर्गाचा डबा आमच्यासमोरून सरकत जाई. आत वेगवेगळ्या खोल्या, त्यांना दारे, आणि खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेला एखादा गृहस्थ. मी टक लावून पाहत राहिलो की वडील म्हणत, “बघून घे रे, बघायला तिकीट लागत नाही!” त्यांच्या स्वरात कडवटपणा नसे. पण माझ्या मनात तो डबा कुठेतरी थांबून राहिला, हे मला फार उशिरा कळले.

आता सन २००८. अमेरिकेतील एका वैद्यकीय परिषदेहून मी परतत होतो. तिकीट इकॉनॉमीचे होते आणि ते एका औषध कंपनीने काढून दिलेले होते. त्या काळी ही गोष्ट कुजबुजून सांगण्याची नव्हती; कोण कुठल्या परिषदेला जाऊन आला हे आपण एकमेकांना कौतुकाने विचारत असू. विमानतळावर काउंटरवरील बाईंनी माझे नाव संगणकावर पाहिले आणि म्हणाल्या, पुढच्या वर्गात जागा आहे. खात्यातील मैल आणि वर थोडी रक्कम दिलीत तर तिकीट बदलून देता येईल. मी क्षणभरही विचार न करता कार्ड पुढे केले. त्या विमानात दोनच वर्ग होते, मागचा आणि पुढचा. त्या पुढच्या वर्गाला कंपनीचे काही भारदस्त नाव होते. मी घरी फोनवर सांगताना सरळ ‘फर्स्ट क्लास’ म्हणून टाकले.

आसन आडवे होऊन त्याचा पलंग झाला. पांढऱ्या शुभ्र रुमालावर जेवण आले. मला वडिलांची आठवण झाली, डोळे भरून आले, आणि मी गाढ झोपलो. सकाळी अंगात जराही शीण नव्हता. मनात समाधान होते ते आणखी एका गोष्टीचे: कंपनीने दिले ते इकॉनॉमीचे तिकीट, पुढच्या वर्गाचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. म्हणजे ही चैन माझी, स्वकष्टाची.

इंदूरला परतल्यावर चार-पाच दिवसांनी ओपीडीत धार जिल्ह्यातील एक बाई तिच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला दमा. मी रोज घ्यावयाचा बुडेसोनाइडचा इनहेलर लिहून दिला. पूर्वीही तोच दिला होता. तिने चिठ्ठी हातात घेतली, जरा घुटमळली आणि म्हणाली, “डॉक्टर साब, इसमें कोई सस्ती वाली नहीं आती?”

येत होती. तेच औषध, तीच मात्रा, दुसऱ्या कंपनीचे, जवळपास निम्म्या किमतीत. ते मला ठाऊक होते. मी चिठ्ठी बदलून दिली आणि ती गेली. त्यानंतर मात्र मला पुढचा रुग्ण बोलवायला काही मिनिटे लागली. कारण आधीच्या चिठ्ठीवरील नाव त्याच कंपनीचे होते जिच्या तिकिटावर मी जाऊन आलो होतो. तिकिटामुळे मी ते नाव लिहीत होतो असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तिकिटाचा काही संबंध नव्हता असेही शपथेवर सांगू शकत नाही. हे दुसरे वाक्य मला अधिक त्रास देते.

त्या रात्री मी माझ्या मैलांचा हिशेब काढून पाहिला. सहा वर्षांतील चार परदेशी परिषदा, सर्व तिकिटे दुसऱ्याने काढलेली, आणि प्रत्येक प्रवासाचे मैल माझ्या वैयक्तिक खात्यात जमा. त्या मैलांच्या बळावरच मला ‘वर’ जाता आले होते. खिशातून भरलेली रक्कम हा वरचा कळस होता. त्याखालचे मंदिर दुसऱ्याच्या पैशांचे होते. आणि कंपनीचा तरी पैसा येतो कोठून? त्या बाईसारख्यांकडूनच.

ही मैलांची योजना मुळात कशी आहे, हे येथे थोडे पाहणे आवश्यक वाटते. अमेरिकेत १९७८ मध्ये कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि कंपन्यांत स्पर्धा सुरू झाली. गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकावे म्हणून १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘एअॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. काही दिवसांतच युनायटेडने आपली आणली आणि पुढे जगभर तेच लोण पसरले. या योजनेतील खरी चलाखी मैल देण्यात नाही, ते कोणाला द्यावयाचे यात आहे. कामानिमित्त फिरणाऱ्या माणसाचे तिकीट त्याची कंपनी काढते. परंतु कोणत्या विमानाने जायचे हे बहुतेक वेळा तो स्वतः ठरवतो. बक्षीस जर पैसे भरणाऱ्याला दिले तर तो सवलतीसाठी घासाघीस करील. तेच बक्षीस निवडणाऱ्याला दिले तर तो थोडे महागाचे विमानही आनंदाने निवडील, कारण महागाईची झळ त्याला बसत नाही.

निवडणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा. डॉक्टर मित्रहो, ही रचना आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? औषध कोणते घ्यावयाचे हे आपण ठरवतो, पैसे रुग्ण भरतो. ज्याला विकायचे आहे त्याला त्यामुळे रुग्णाचे मन वळवण्याची गरज पडत नाही. आपले वळवले की पुरते. विमान कंपन्यांनी १९८१ मध्ये जे हेरले ते औषध विक्रेत्यांना आधीपासून ठाऊक होते. मैलांच्या आरशात मला माझी चिठ्ठी दिसली ती या अर्थाने.

पैसे देऊन वरच्या वर्गात जाण्याविषयी व्यवहाराच्या दोन गोष्टीही सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले आता परदेशी आहेत आणि हा प्रसंग घरोघरी येतो. प्रत्येक तिकिटावर भाड्याच्या प्रकाराचे एक इंग्रजी अक्षर असते. मैल किती मिळणार हे अनेक योजनांत त्या अक्षरावर ठरते, आपण प्रत्यक्ष कोणत्या आसनावर बसलो त्यावर नव्हे. म्हणून काउंटरवर पैसे किंवा मैल देऊन वर गेलेल्या प्रवाशाला पुष्कळदा मूळ इकॉनॉमी तिकिटाचेच मैल मिळतात. स्वस्तातील स्वस्त तिकीट तर कित्येकदा वर सरकवताच येत नाही. २०१५ मध्ये डेल्टा व युनायटेडने आणि २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अंतराऐवजी भरलेल्या पैशांवर मैल देण्यास सुरुवात केली. म्हणजे नाव मैलांचे राहिले आणि मोजमाप डॉलरचे झाले. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे आणि ते बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ‘याचे मैल कोणत्या हिशेबाने मिळणार?’ एवढे विचारून घ्यावे. केवळ मैलांच्या लोभाने वर जाणे बहुधा तोट्याचेच ठरते. आरामासाठी जायचे तर आरामासाठी जावे आणि तसे स्वतःशी कबूल करावे.

येथे आपल्या मंडळींकडून एक वैद्यकीय सबब हमखास पुढे येते. मागच्या वर्गात पाय आखडून बसल्याने पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून पुढचा वर्ग ही चैन नसून प्रकृतीची गरज आहे, असे ते म्हणणे. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हा शब्दप्रयोग १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका लेखाने रूढ केला हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर ही जोखीम साधारण दुप्पट होत असली तरी निरोगी माणसात ती सुमारे सहा हजारांत एक एवढीच राहते. आणि दीर्घकाळ हालचाल न करता बसल्यास ती रेल्वे, बस वा मोटारीतही वाढते. अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत इकॉनॉमी वर्गाचा असा दोष निश्चितपणे सिद्ध होत नाही असे म्हटले. खिडकीजवळ बसून न उठणाऱ्याला मात्र धोका अधिक. थोडक्यात, दोष बसून राहण्याचा आहे, वर्गाचा नाही. रस्त्यालगतची जागा घेऊन मधूनमधून चालणे हा उपाय फुकट आहे. ज्यांचे गुडघे वा कंबर खरोखरच बसू देत नाही, अशा ज्येष्ठांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुलांनी जरूर पैसे भरावेत.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे मैल कोणाचे? जर्मनीत २००२ च्या उन्हाळ्यात यावरून मोठे वादळ उठले. सरकारी कामाच्या विमानप्रवासात मिळालेले मैल काही लोकप्रतिनिधींनी खासगी प्रवासासाठी वापरल्याचे उघड झाले. ग्रेगोर गिझी यांनी बर्लिन राज्याच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जेम ओझदेमिर यांनी पक्षातील गृहविषयक प्रवक्तेपद सोडले. पुढे २००६ मध्ये तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने निर्णय दिला की प्रवासाचा खर्च मालकाने केला असेल तर मालक ते मैल मागू शकतो. आपल्या केंद्र सरकारनेही २००८ मध्ये, सहाव्या वेतन आयोगानंतरच्या प्रवासभत्त्याच्या आदेशात, सरकारी प्रवासाचे मैल खात्याच्या इतर सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, खासगी वापर केल्यास कारवाई होईल, असे नमूद केले. गंमत अशी की मी पुढच्या वर्गात निवांत झोपलो ते हेच वर्ष.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेने नेमके उलट केले. २००१ अखेरच्या कायद्याने सरकारी नोकरांना असे मैल स्वतःसाठी ठेवण्याची मुभा दिली आणि २००२ मध्ये तेथील करखात्याने त्यावर कर न लावण्याचे जाहीर केले. त्यामागील युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही: घर सोडून रात्री-अपरात्री प्रवास करतो तो माणूस, पाठ त्याची दुखते, मुलाचा वाढदिवस त्याचा हुकतो, तेव्हा त्याच्या पदरात एवढे पडले तर काय बिघडले? नोकरदाराच्या बाबतीत मला हे पटते. त्याचा मालक सज्ञान आहे, हिशेब ठेवतो आणि हवे तर मैल परत मागू शकतो. आपल्या बाबतीत पैसे भरणारी ती धारची बाई आहे. आपण तिच्या पैशाने प्रवास केला हेच तिला ठाऊक नसते. ती परत काय मागणार?

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. डिसेंबर २००९ मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने आचारसंहितेत दुरुस्ती करून औषध कंपन्यांकडून देशातील वा परदेशातील प्रवासाची सोय, मग ती सुट्टीसाठी असो वा परिषदेला श्रोता म्हणून जाण्यासाठी असो, स्वीकारण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्राप्तिकराच्या खटल्यात निकाल दिला की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही. या भेटींचा बोजा अखेर औषधांच्या किमतीवर पडतो असेही न्यायालयाने स्पष्ट म्हटले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची समान संहिता जारी करून हीच मनाई कंपन्यांच्या बाजूनेही घातली. वक्त्यांसाठी अपवाद ठेवला. अपवाद आला की त्यातून वाट निघते हे आपण जाणतो. पाच मिनिटांचे भाषण ठेवून वक्ता होता येते. म्हणून नियमावर सर्व भार टाकून मोकळे होता येणार नाही.

माझे मत मी तीन वाक्यांत सांगतो. स्वतःच्या कमाईच्या पैशाने ज्याला पुढच्या वर्गात बसायचे आहे त्याने खुशाल बसावे. साधेपणाचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. संस्थेच्या वा रुग्णालयाच्या खर्चाने झालेल्या प्रवासाचे मैल त्या संस्थेच्या पुढच्या प्रवासासाठी वापरावेत आणि त्याची नोंद ठेवावी. आणि ज्या प्रवासाचा खर्च अखेर रुग्णावर पडला, त्याचे मैल खात्यात अजून शिल्लक असतील तर ते रुग्णांकडे परत जावेत.

हे तिसरे शक्य आहे काय? आहे. अनेक योजनांत खातेदार आपल्या मैलांवर दुसऱ्याच्या नावाने तिकीट काढू शकतो. काही योजनांत आधी नाव नोंदवावे लागते, काहींत केवळ कुटुंबीयांनाच मुभा असते. मैल विकण्यास मात्र बहुतेक ठिकाणी मनाई आहे. आपल्या माळव्यातून आणि निमाडातून दरवर्षी कितीतरी मुले गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मुंबईला, दिल्लीला, वेल्लोरला पाठवावी लागतात. अवंतिका एक्स्प्रेसचे आरक्षण न मिळाल्याने शस्त्रक्रियेची तारीख हुकलेले मूल मी पाहिले आहे. अशा वेळी मूल आणि आई अशी दोन तिकिटे निघाली तर फार मोठी गोष्ट होईल. त्यासाठी नवा निधी, नवी समिती, उद्घाटन, काहीही नको. आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी; कोणाकडे मैल आहेत आणि कोणाला निकड आहे एवढेच तीत लिहावे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा मात्र दिला पाहिजे. विमान सर्वच मुलांना सोयीचे असते असे नाही. उडत्या विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील डोंगरासारखा असतो. जन्मजात हृदयविकाराने निळ्या पडणाऱ्या किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या मुलाच्या रक्तातील प्राणवायू तेथे आणखी घटतो. अशा मुलासाठी प्राणवायूची सोय, विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती आधी हवी. काही मुलांना रात्रीची रेल्वेच बरी. उत्साहाच्या भरात आपण अपाय करून बसू नये.

आणखी एक गोष्ट. असे तिकीट दिल्यावर त्याला दान म्हणू नये. कंपनीच्या तिकिटावर मिळवलेले मैल गरिबाच्या मुलाला देऊन आपण उदार झालो असे समजणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. ही परतफेड आहे, तीही अपुरी. तिचे छायाचित्र पुढच्या स्मरणिकेत येऊ नये अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

वाचक विचारतील, तुम्ही स्वतः काय केलेत? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर फारसे काही नाही. त्या रात्रीनंतर मी कंपनीचे तिकीट घेतले नाही; २००९ चा नियम पुढच्याच वर्षी आला, त्यामुळे त्यात माझी मोठी कर्तबगारी नव्हती. खात्यात उरलेल्या मैलांचे काय करावे याचा निर्णय मी पुढे ढकलत राहिलो. लाज वाटत होती आणि लोभही सुटत नव्हता. शेवटी मुदत संपून ते आपोआप रद्द झाले. ना माझ्या उपयोगी पडले, ना कुणा मुलाच्या. हे जर वेळीच कोणी मला सुचवले असते तर निदान एक कुटुंब मुंबईला जाऊन आले असते, म्हणून आज हे लिहिले.

येत्या वार्षिक सभेत या वहीचा विषय चर्चेला घ्यावा अशी मी विनंती करीत आहे. मतभेद असतील तर ते तेथे जरूर मांडावेत. माझे म्हणणे चुकले असल्यास मला ते ऐकावयाचे आहे. आणि यानंतर कधी काउंटरवर कोणी आपणास हसून म्हणाले की पुढच्या वर्गात जागा आहे, तर आनंदाने विचार करावा. फक्त कार्ड पुढे करण्यापूर्वी मागचे तिकीट कोणी काढले होते, एवढे आठवून पाहावे.